निकालाचा रकाना

आमगावात औषधांच्या एका दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे मी सहा वर्षं कॉम्प्युटरवर काम केलं. सिकलसेलची तपासणी करणारी एक लहानशी संस्था होती ती. दरेकशाच्या डोंगरातल्या गावांत जायचं, लोकांच्या बोटातून रक्ताचे थेंब घ्यायचे, नंबर टाकलेल्या बाटल्या बर्फाच्या डब्यातून नागपूरला पाठवायच्या, आणि निकाल आला की घरोघरी जाऊन सांगायचं, असं काम. गावात फिरायच्या त्या सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, कामठ्याच्या बाजूच्या शेतकरी घरातल्या. फिरणं सोडून बाकीचं मी करायची. नावं, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, टोला म्हणजे गावाची वस्ती, बाटलीचा नंबर, सगळं टाईप करायचं.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो. एकाच बाजूने आला तर माणूस वाहक असतो. त्याला स्वतःला त्रास होत नाही, त्याला माहीतही नसतं. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर त्यांच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची भीती चारात एक. म्हणून सिस्टर लग्नाच्या मुलामुलींच्या मागे असायच्या. "लगन जुरवाच्या आंधी रगत जुरवा," असं त्या गावागावात सांगायच्या. लोक हसायचे, पण बोट पुढे करायचे.

सुरुवातीला निकाल कागदावर यायचे, मग फ्लॉपीत. फ्लॉपी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती यायची आणि पावसाळ्यात दोनातली एक उघडायचीच नाही. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला आमच्या ऑफिसात ब्रॉडबँड आलं आणि नागपूरच्या सरांचा फोन आला. सर म्हणजे तिथली प्रयोगशाळा बघणारे डॉक्टर. मी त्यांना तोवर दोनदाच पाहिलं होतं.

"आता कागद बंद, फ्लॉपी बंद," ते म्हणाले. "मी एक फोल्डर तयार केलंय. ते इथे नागपुरात आहे, पण तुझ्या कॉम्प्युटरवर दिसेल. तू तिथे नावं भरायची, आम्ही त्याच फाइलीत निकाल भरू. बस समोर आणि मी सांगतो तसं कर."

मी फोन खांद्याने कानाशी दाबून बसले.

"माय नेटवर्क प्लेसेस उघड. डावीकडे अॅड नेटवर्क प्लेस दिसतंय?"

"दिसतंय, सर."

"क्लिक कर. नेक्स्ट. आता पत्ता विचारेल. लिही, एच टी टी पी, मग एकाखाली एक दोन टिंबं, मग दोन स्लॅश."

"सर, कीबोर्डावर स्लॅश दोन प्रकारचे आहेत."

"उजवीकडे झुकलेला."

"वरून उजवीकडे झुकलेला का खालून?"

पलीकडे सर हसले. "प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा."

पत्ता तीनदा चुकला. मग कॉम्प्युटरने युजरनेम आणि पासवर्ड मागितला. पासवर्ड दोनदा नाकारला, कारण कॅप्स लॉक सुरू होता आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्यांदा पडद्यावर एक पांढरी खिडकी उघडली. रिकामी.

"काहीच नाही, सर."

"थांब. आता एफ पाच दाब."

दाबलं. तिथे एक फाइल आली होती. तिचं नाव होतं 'नमस्कार'. माझ्या अंगावर काटा आला. नागपूर आमगावपासून गाडीने तीन-चार तासांवर, आणि तिथल्या माणसाने ठेवलेली वस्तू माझ्या समोर पडली होती.

सिस्टर मागे उभ्या राहून बघत होत्या. "मंग थे नागपूरले हाये का इथं हाये?"

"नागपूरला आहे, सिस्टर. इथून दिसते."

"दिसून राहिलं तं मंग इथंच हाये न!"

आम्ही दोघी हसलो. खरं सांगायचं तर मनातून मीही तेच धरून चालले होते. पिवळं फोल्डर, बाकीच्या फोल्डरांसारखंच. उघडायचं, फाइलीवर दोनदा टिचकी मारायची, नाव भरायचं, सेव्ह करायचं. जरा हळू उघडायचं, एवढाच फरक. सरांनी समजावलं होतं की फाइल कोणी उघडून बसलं असेल तर दुसऱ्याला ती फक्त वाचता येते, त्यामुळे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याकडून बिघडणार नाही. प्रत्येक गावाची एक फाइल. शेवटचा रकाना निकालाचा. त्यात मी हात घालायचा नाही, तो नागपूरचा.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. पूर्वी महिना लागायचा तो निकाल आठवड्यात दिसायला लागला. सिस्टर गावाहून आल्या की चप्पल काढायच्या आधी विचारायच्या, "भरलं का नागपूरनं?" मी यादी छापून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने त्या ती घेऊन निघायच्या.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे बाबा गोंदियाला राईस मिलमध्ये पोती उचलायचे. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिलीच मुलगी. त्या जागेसाठी आणखी दोघांनी अर्ज केले होते. मला घेतलं तेव्हा खालच्या दुकानात कोणीतरी म्हणालं होतं, "यायलेच भेटते सारं." यांनाच सगळं मिळतं म्हणून, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. घरी मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी एकही नाव चुकू दिलं नाही. चूक झाली तर ती माझ्या एकटीची धरली जाणार नाही, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

फोल्डर आल्याच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळा लागताना रस्त्याचं काम निघालं आणि आमचं नेट बंद पडलं. लाइनमन सायकलवर येऊन बघून गेला. "मैडम, रोडवालों ने केबल काट डाला. दो-चार दिन तो लगेंगे."

आठ लागले. मला चिंता नव्हती. नेट मधूनमधून जायचंच, म्हणून सरांच्या सांगण्यावरून मी दर शनिवारी अख्खं फोल्डर डेस्कटॉपवर उतरवून ठेवायची. "नेट नसेल तेव्हा त्याच्यात काम कर," असं ते म्हणाले होते, "आणि नेट आलं की परत वर टाक. टाकताना आधी बघून घे." सिस्टरांनी त्या आठवड्यात डोंगराकडच्या गावांत बरंच काम केलं होतं. मी आठ दिवस डेस्कटॉपवरच्या फाइलींत नावं भरत बसले. एका दिवसाचंही काम अडलं नाही म्हणून स्वतःवर खूश होते.

सोमवारी सकाळी मोडेमचा दिवा हिरवा झाला. मी नागपूरचं फोल्डर उघडलं. बघून घे म्हणाले होते, म्हणून बघितलं. फोल्डर उघडतंय, फाइली सगळ्या आहेत. मला वाटलं, बघणं म्हणजे हेच. मग डेस्कटॉपवरचं सगळं एकदम निवडलं, कॉपी केलं, तिकडे जाऊन पेस्ट केलं. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाइल तिथे आधीच आहे, बदलायची का? खाली बटणं होती. मी 'यस टू ऑल' दाबलं.

छोटे छोटे कागद एका फोल्डरातून उडत दुसऱ्या फोल्डरात जाताना दिसत होते. नेट हळू होतं, बराच वेळ ते उडत राहिले. मी खाली जाऊन चहा घेऊन आले.

बुधवारी सिस्टर आल्या. चार गावांचे निकाल यायला हवे होते. मी फाइली उघडल्या. शेवटचा रकाना रिकामा होता. चारही गावांचा.

"नाही भरलं अजून," मी म्हटलं.

"काऊन इतका उशीर? फोन करून पाय बापा एखादा."

त्या पाण्याची बाटली भरायला बाहेर गेल्या तेवढ्यात मी नागपूरला फोन लावला. तिथल्या टेक्निशियन ताईंनी उचलला.

"अगं, चारही गावं मागच्या बुधवार-गुरुवारीच भरली की. तुमचं नेट बंद होतं ना तेव्हा. नीट बघ."

फोन हातात धरूनच मी फाइलींच्या पुढची वेळ बघितली. शेवटचा बदल केव्हा झाला ते तिथे दिसतं. सगळ्या फाइलींपुढे सोमवार सकाळ. एकामागे एक, मिनिटामिनिटाला.

तेव्हा मला कळलं. त्यांनी वर निकाल भरले होते. माझ्याजवळच्या फाइली त्याच्या आधीच्या शनिवारच्या, त्यात रकाना रिकामा. मी माझ्या फाइली त्यांच्या फाइलींवर आणून टाकल्या, आणि रिकामा रकाना भरलेल्या रकान्यावर जाऊन बसला. फाइल कोणी उघडलेली नव्हती, त्यामुळे कोणी अडवलं नाही. कॉम्प्युटरने विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

"दिसलं का?" टेक्निशियन ताई विचारत होत्या.

"हो हो. दिसलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

सिस्टर आत आल्या. "का म्हणते?"

"येतील म्हणाले. काम जास्त आहे तिकडे."

हे मी एका दमात बोलले. आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर ते परत घेता येईना.

त्या संध्याकाळी मी रिसायकल बिन उघडलं. त्यात माझ्या जुन्या चिठ्ठ्या होत्या, दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोंदियाला जाऊन, जिथे मी कोर्स केला होता त्या क्लासच्या सरांना गाठलं. कोणाची तरी गोष्ट आहे असं सांगून विचारलं. ते दुसऱ्याच मशीनमध्ये स्क्रू पिळत होते.

"ऊपर से ऊपर लिख दिया ना? फिर गया. वो डिलीट थोड़ी हुआ है, जो बिन में मिलेगा. सामनेवाले के पास कॉपी होगी तो ठीक, नहीं तो भूल जाओ."

सामनेवाल्याकडे कॉपी आहे का, हे विचारायला सांगावं लागणार होतं की निकाल गेले कसे. मी रोज ठरवायची, आज फोन करते. फोनला हात लावला की मला खालच्या दुकानातलं ते वाक्य ऐकू यायचं. मग मी नवीन गावाची नावं भरायला घ्यायची.

त्याच शनिवारी एक माणूस जिना चढून आला. दाराबाहेर चप्पल काढली, डोक्याचा दुपट्टा काढून हातात धरला. दरेकशाच्या पलीकडच्या एका गावचा, जंगल खात्याच्या कामावर जाणारा. पॅसेंजरने उतरून थेट आमच्याकडे आला होता.

"नर्सबाई हायेत का?"

"गावाला गेल्या आहेत. बसा ना, काका."

तो स्टुलाच्या कडेवर बसला. "माह्या पोरीचं लगन हाये. नर्सबाईनं पोरीचं अना पोराचं, दोघायचं रगत नेलन. म्हणे, निकाल आल्याबिगर लगन करू नोका. मंग आला का थो निकाल?"

मी त्याच्या गावाचं नाव विचारलं. चारातलं एक. पोराचं गाव डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, तेही चारातलंच.

"नाही आला," मी म्हटलं.

"कवा येईन?"

"ते सांगता नाही येणार."

"लगन येत्या शुक्रवारी हाये, बाई. मांडव टाकून राहिले. पावने निंगून राहिले. तुमीच सांगा. थांबाव का नोको?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी पडद्याकडे बघत होते. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. कारण सांगायचीही गरज नव्हती. पण थांबा म्हटलं तर तो किती दिवस विचारणार, आणि मग सिस्टर विचारणार, आणि मग नागपूर विचारणार.

"मी तर फक्त टाईप करते, काका," मी म्हटलं. "मला त्यातलं काही कळत नाही."

त्याने मान हलवली. बराच वेळ दुपट्ट्याची घडी घालत बसला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "काही खराब असतं तं लवकर कळवलं असतं. नसनच काही." आणि उठला. परतीची गाडी होती त्याची. जिन्यावरून उतरताना त्याच्या अनवाणी पायांचा आवाज आला, चप्पल हातातच घेतली होती बहुतेक.

मी त्याला हाक मारली नाही.

लग्न झालं. सिस्टरांना बोलावणं होतं. त्या जाऊन आल्या, आणि सोमवारी ऑफिसात येऊन डबा टेबलावर ठेवत म्हणाल्या, "लगन लागलं तिथं. मी बापाले म्हटलं, थांब म्हटलं होतं न तुले? तं म्हणते, ऑफिसातल्या बाईले विचारून आलो, थे काही बोलली नाही. तू भेटली होती का त्याले?"

मी बोलायला लागले आणि रडायला लागले. दोन्ही एकदम. सोमवार, डेस्कटॉप, यस टू ऑल, नागपूरचा फोन, तो माणूस, सगळं उलटसुलट सांगितलं. सिस्टर उभ्याच होत्या. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किती गावं?"

"चार."

"अना कधीपासून माहीत हाये तुले?"

"त्या बुधवारपासून. बारा दिवस."

त्या खुर्चीवर बसल्या, पदराने तोंड पुसलं. "चूक झाली थे समजते मले. मी बी चुकली हावो जिंदगीत. मी पाप म्हणतो थे बारा दिवसायले. थो मानूस तुह्यासमोर बसला होता न पोरी. समोर बसला होता."

मग त्यांनी स्वतः नागपूरला फोन लावला आणि माझं नाव घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ते वळणावळणाने सांगितलं नाही, याचा तेव्हा मला राग आला. नंतर कधी आला नाही. फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं नोकरी गेली.

"दुसरी प्रत मी ठेवायला हवी होती," सर म्हणाले. "कागद मीच बंद केला. पण तू त्याच दिवशी बोलली असतीस तर नमुने शिल्लक होते गं. ते परवा टाकून दिले."

टेक्निशियन ताईंच्या कच्च्या वहीत दोन गावांचे आकडे सापडले. मुलीचं गाव आणि मुलाचं गाव त्यात नव्हतं. तिथे पुन्हा रक्त घ्यावं लागणार होतं.

"तू येशीन माह्यासोबत," सिस्टर म्हणाल्या. "घरोघरी. मी रगत घेईन अना काऊन घेतो थे तू सांगशीन."

मी तोपर्यंत त्या गावांत कधी गेले नव्हते. त्यांची नावं मी शेकडो वेळा टाईप केली होती. कोणत्या टोल्यात कोण राहतं, कोणाचा बाप कोण, मला पाठ होतं. दरेकशाला उतरून आम्ही चालत निघालो. मोह वेचून झालेली झाडं, वाळलेला पाला, आणि सिस्टर माझ्यापुढे, छत्री धरून, मागे न बघता. साठीच्या जवळ होत्या. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यात त्या मेण भरायच्या, हे मला त्या दिवशी दिसलं.

पहिल्याच घरी एक म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. मी सांगितलं की मागचा निकाल माझ्या हातून पुसला गेला, म्हणून पुन्हा रक्त द्यावं लागेल. तिने सुनेकडे बघून गोंडीत काहीतरी विचारलं. सुनेने तिला समजावलं. मग म्हातारी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आमचं रगत का पानी हाये का? सांडलं का परत भरून नेता?"

सिस्टर बाजूला उभ्या राहिल्या. मी तिथेच खाली बसले आणि म्हटलं, "नाही आजी. पाणी नाही. माझी चूक झाली." बऱ्याच वेळाने तिने बोट पुढे केलं. काही घरांनी मात्र दिलंच नाही. एका घरून माणूस काठी आपटत बाहेर आला. दुसऱ्या घरी आम्हाला पाहून दार लावलं. मी टाईप केलेल्या यादीतली कितीतरी नावं त्या दिवशी तशीच राहिली, आणि त्यातल्या काहींचे निकाल आजपर्यंत कोणाला माहीत नाहीत.

मुलगी सासरी गेली होती. आम्ही दुसऱ्या दिवशी तिच्या सासरी गेलो. एकोणीस-वीस वर्षांची असेल. हातावरची मेंदी फिकट झाली होती. तिने आणि तिच्या नवऱ्याने दोघांनी हसत बोटं पुढे केली. तो तिला चिडवत होता की टोचलं तर रडशील.

या वेळी निकाल लवकर आला. सरांनी स्वतः फोन केला आणि फाइलीतही भरला. कागदावरही लिहून पाठवला. दोघंही वाहक.

तो सांगायलाही सिस्टर मलाच घेऊन गेल्या. नवरा कामावर गेला होता. ती अंगणात भांडी घासत होती. मी तिला सांगितलं की तुमचा निकाल लग्नाच्या आधीच आला होता. माझ्या हातून तो गेला. तुमचे वडील विचारायला आले तेव्हा मला ते माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. मग सिस्टरांनी तिला वाहक म्हणजे काय आणि बाळाचं काय ते समजावून सांगितलं.

तिने हात धुतले, पदराला पुसले. रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग आता कायले सांगता?"

तिने घासलेली भांडी उपडी घातली.

"आता मी का करू थे सांगा."

त्यावर सिस्टर तिच्याजवळ बसल्या आणि कितीतरी वेळ बोलत राहिल्या. दिवस गेले तर लगेच कळव, नागपूरला तपासणी होते, आपण नेऊ. ती मान हलवत होती. आम्ही निघालो तेव्हा तिने चहा विचारला. आम्हाला नाही म्हणता आलं नाही. तो चहा मी कसा प्यायले ते मला आठवत नाही.

माझी नोकरी राहिली. सर म्हणाले, आता ही चूक तुझ्याइतकी कोणाला माहीत नाही, म्हणून तूच राहा. बाबांना मी एका रविवारी घरी सगळं सांगितलं. ते जेवत होते. घास तसाच ठेवून म्हणाले, "त्यांच्या घरी जाऊन तू सांगितलं?" मी म्हटलं, "हो." "मग ठीक," ते म्हणाले आणि जेवले. पण त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

वर्षभरात त्या मुलीला दिवस गेले. आम्ही नागपूरला न्यायला गाडी ठरवली, तर घरच्यांनी पाठवलं नाही. मुलगी झाली, आणि ती वाहकच निघाली, आजारी नाही. सिस्टरांनी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. मला वाटलं, सुटले. दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली. तिचं रक्त मी स्वतः डब्यात घालून गाडीने नेलं. तिला आजार निघाला.

तोपर्यंत संस्थेचं काम आटोपत आलं होतं. सिस्टरांचे गुडघे गेले आणि त्या घरी बसल्या. एक दिवस मी फोल्डर उघडायला गेले तर त्याने पासवर्ड घेतला नाही. नागपूरला विचारलं तर म्हणाले, सर्व्हर बदलला, जुनं सगळं बंद केलं. मी गोंदियाला एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर लागले.

त्या खिडकीवर ती आई मला अजून भेटते. धाकटीच्या पायात, पाठीत दुखणं उठलं की ती तिला कडेवर घेऊन गाडीने येते. आता मुलगी मोठी झाली आहे, कडेवर मावत नाही, तरी घेते. पावसाच्या दिवसांत आणि थंडीत जास्त. मी रांगेतून त्यांना पुढे घेते. त्यावर कोणी ओरडलं तर ओरडू देते. मुलीला बेड मिळेपर्यंत मी तिच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावून बसते. सिस्टरांनी शिकवलेलं आहे ते.

एकदा सलाईन लावल्यावर मुलगी झोपली होती, आणि तिची आई आणि मी बाकावर बसलो होतो. मी इतकी वर्षं जे विचारायचं टाळत आले ते विचारलं. निकाल वेळेवर मिळाला असता तर तुम्ही लग्न मोडलं असतं का?

तिच्या पायाशी थैली होती, त्यात भाकर बांधून आणली होती.

"का मालूम," ती म्हणाली. "बापानं मोडलं असतं कदाचित. मले तं थो आवडला होता." मग थैली जवळ ओढत म्हणाली, "पण विचारलं असतं न मले कोनी. इचार करून हो म्हटलं असतं मी, नाही तं नाही म्हटलं असतं. थे तुमी नाही करू देलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मुलगी कण्हली तशी ती उठून आत गेली, आणि मी पिशवीत भरायला गरम पाणी आणायला गेले.